विकासात्मक दिव्यांगता आणि मेंदूविज्ञान: विद्यापीठात संशोधन दिन भरवताना

विद्यापीठातला संशोधन दिन म्हटला की दीपप्रज्वलन, मान्यवरांची भाषणं, भिंतीवरची पोस्टरं, प्रमाणपत्रं आणि जेवण हा क्रम ठरलेला असतो. विषय मेंदूविज्ञान आणि विकासात्मक दिव्यांगता (ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी यांसारख्या, बालपणापासूनच्या अक्षमता) असेल, तर एवढ्यावर भागत नाही. ज्या मुलांवर आणि मोठ्या माणसांवर हे संशोधन झालं, ती याच गावाशहरांत राहतात. त्यांनी कंटाळवाण्या चाचण्या दिल्या, त्यांच्या आयांनी कामावर खाडा करून प्रश्नावल्या भरल्या. पुढे त्या माहितीचं काय झालं, हे बहुतेक घरांना कुणी कळवलेलं नसतं. संशोधन दिन हा तो हिशेब देण्याचा दिवस आहे, असं मी मानते. पुढचं सगळं नियोजन त्या एका विचारावर उभं आहे.

या प्रकारच्या दिवसांची परंपरा मुख्यतः अमेरिकेतल्या विद्यापीठ-केंद्रांतून आली. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी ऑक्टोबर १९६३ मध्ये एका कायद्यावर सही केली आणि बौद्धिक अक्षमतेवर काम करणाऱ्या संशोधन केंद्रांना व विद्यापीठांशी जोडलेल्या सेवाकेंद्रांना सरकारी पैसा मिळू लागला. विस्कॉन्सिन विद्यापीठाचं वाइसमन सेंटर हे त्या पिढीतलं. प्रयोगशाळा, दवाखाना आणि कुटुंबं एकाच छताखाली आणणं ही त्यामागची मूळ कल्पना. आपल्याकडे ती एका दिवसापुरती तरी आणता येते, आणि त्यासाठी मोठं बजेट लागत नाही.

सहा महिने आधी: समिती कुणाची?

पहिली बैठक विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये फक्त प्राध्यापकांची झाली, तर पुढचं सगळं त्याच वळणावर जातं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधलं कलम ६ इथे आदर्श म्हणून डोळ्यांपुढे ठेवा. दिव्यांग व्यक्तीवर संशोधन करायचं तर तिला समजेल अशा माध्यमातून घेतलेली मुक्त संमती हवी, शिवाय सरकारने नेमलेल्या समितीची पूर्वपरवानगी हवी, आणि त्या समितीत किमान निम्मे सदस्य स्वतः दिव्यांग किंवा नोंदणीकृत संस्थांचे असावेत, असं ते कलम सांगतं. हेच प्रमाण आयोजन समितीला लावा. दहा जण असतील तर पाच जण पालक, दिव्यांग प्रौढ, विशेष शिक्षक-संस्थांचे प्रतिनिधी. बैठका संध्याकाळी किंवा ऑनलाइन घ्या. सकाळी अकराला विद्यापीठात या म्हटलं की मुलाला सांभाळणारी आई येऊ शकत नाही.

पालकांना समितीत घेतलं की विषय लगेच जमिनीवर येतो. प्राध्यापक म्हणतात, “मेंदूची लवचिकता घेऊ.” पालक विचारतात, “मुलगा अठराचा झाला, आता शाळा संपली, पुढे काय?” दोन्हीला जागा द्यायची, पण दिवसाचा मुख्य प्रश्न मात्र एकच ठेवायचा. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, अतिचंचलता, अपस्मार या सगळ्यांना एका दिवसात कोंबलं तर प्रत्येकाच्या वाट्याला वीस मिनिटं येतात आणि कुणाचंच समाधान होत नाही. “लवकर ओळख आणि पहिली तीन वर्षं” किंवा “अठरानंतरचं आयुष्य” असा एक धागा धरा.

तारीख ठरवताना २ एप्रिलचा मोह आवरा. तो जागतिक ऑटिझम जागरूकता दिवस असल्याने सगळ्या संस्थांचे कार्यक्रम त्याच सुमारास असतात, विद्यापीठाच्या परीक्षा जवळ आलेल्या असतात आणि ऊन तापलेलं असतं. जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यातला शनिवार सोयीचा पडतो. स्नेहसंमेलनं उरकलेली असतात आणि हवा बरी असते. पावसाळ्यात व्हीलचेअर घेऊन येणाऱ्यांचे फार हाल होतात, ते महिने टाळाच.

परवानग्या

मोठ्या माणसांवरच्या किंवा मुलांवरच्या अभ्यासाची माहिती मांडायची असेल, तर प्रत्येक सादरकर्त्याकडून नैतिकता समितीच्या मंजुरीचा क्रमांक गोषवाऱ्याबरोबरच मागवा. जैववैद्यकीय आणि आरोग्य संशोधन तपासणाऱ्या अशा समित्यांना २०१९ च्या नियमांनुसार आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदणी करावी लागते. ती आहे का, हेही पाहा. पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे छोटे प्रकल्प पुष्कळदा फक्त मार्गदर्शकाच्या सहीवर चालतात. या विषयात ते स्वीकारू नका.

मुलांच्या बाबतीत भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट पायऱ्या आहेत. पालकांची संमती लागतेच, शिवाय ७ ते १२ वयाच्या मुलाचा तोंडी होकार आणि १२ ते १८ मधल्या मुलाचा लेखी होकार घ्यायचा. बोलता न येणाऱ्या मुलाचा होकार कसा घेतला, हा प्रश्न गोषवारा तपासणाऱ्यांनी आवर्जून विचारावा. चांगलं उत्तर असं असतं: “चित्रांच्या कार्डांवर टोपी, खुर्ची, संगणक असं क्रमाने दाखवलं. थांब म्हणायला लाल कार्ड हाताशी ठेवलं. लाल कार्डाला हात लावला की चाचणी बंद केली, मग आईचा होकार असला तरी.” असं उत्तर देणारा विद्यार्थी दिसला तर त्याला पोस्टरऐवजी व्यासपीठावर बोलायला द्या.

आणि संशोधन दिनाच्या दिवशी आलेल्या कुटुंबांकडून नवी माहिती गोळा करू नका. गर्दी आयती जमली आहे, प्रश्नावली भरून घेऊ, असं कुणाला तरी वाटतंच. पाहुणा म्हणून बोलावलेल्या माणसाला नमुना म्हणून वापरणं अयोग्य आहे, आणि त्या गडबडीत घेतलेल्या संमतीला अर्थ नसतो.

पोस्टर: सगळ्यात जास्त मेहनत इथे

पोस्टर ए-झीरो आकाराचं, म्हणजे साधारण ८४ बाय ११९ सेंटिमीटर. त्यावर इंग्रजीत आठशे शब्द कोंबलेले असतात आणि समोर पालक आले की विद्यार्थी पाठ केलेलं बोलतो. यावर उपाय म्हणून प्रत्येक पोस्टरखाली मोठ्या अक्षरांतलं मराठी पान सक्तीचं करा. त्याला पाच ओळींचा साचा द्या: आम्हाला काय जाणून घ्यायचं होतं, कुणाबरोबर काम केलं, काय केलं, काय दिसलं, काय दिसलं नाही. शेवटची ओळ कुणालाही गाळू देऊ नका.

मथळ्यापासून सुरुवात करायची. “प्रमस्तिष्क घातग्रस्त बालकांमधील सूक्ष्म कारक कौशल्यांवर कृती-आधारित प्रशिक्षणाचा परिणाम” असं लिहिलं असेल, तर मुलाच्या आजीला तिथून पुढे जावं लागेल. “सेरेब्रल पाल्सी असलेली मुलं आपल्या हाताने जेवावीत म्हणून आम्ही काय करून पाहिलं” असं लिहा, आजी थांबेल. मग ती विचारेल, “चमचा कुठला वापरला?” जाड मुठीचा, वाकवलेला, की साधाच कापड गुंडाळलेला? त्या चमच्याचा फोटो पोस्टरवर हवा, आणि खरा चमचा टेबलावर हवा. आलेखापाशी फारसं कुणी थांबणार नाही, चमचा मात्र हातोहात फिरेल.

आकडे कसे मांडावेत हे शिकवायला आपल्या शेजारचंच एक उदाहरण आहे. इन्क्लेन या आरोग्य-संशोधन संस्थेच्या पुढाकाराने पाच ठिकाणी झालेला आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास घ्या. पलवल, कांगडा, ढेंकानाल, हैदराबाद आणि उत्तर गोवा इथल्या २ ते ९ वयाच्या ३,९६४ मुलांची तपासणी त्यात झाली. जवळपास १२ टक्के मुलांमध्ये तपासलेल्या नऊ स्थितींपैकी किमान एक आढळली, आणि त्यांतल्या साधारण दर पाच जणांत एकाला एकाहून जास्त होत्या. “शंभरातल्या बारा मुलांना ऑटिझम” अशी याची बातमी कुणीही करून टाकेल. म्हणून पोस्टरवर लगेच लिहायला हवं की या बारांत दृष्टिदोष, श्रवणदोष, अपस्मार, वाचा-भाषेच्या अडचणी, सहा वर्षांपुढे अध्ययन अक्षमता आणि अतिचंचलता हे सगळं आलं. शिवाय सहा वर्षांखालच्या गटात हे प्रमाण ठिकाणानुसार २.९ पासून १८.७ टक्क्यांपर्यंत बदललं. एवढा फरक असेल तर एका जिल्ह्याचा आकडा दुसऱ्याला लावता येत नाही. आपल्या जिल्ह्यात काय आहे, हा प्रश्न तिथून सुरू होतो आणि एखाद्या विद्यार्थ्याला प्रबंधाचा विषय मिळतो.

“काय दिसलं नाही” या ओळीसाठीही गोव्याचंच उदाहरण देते. संगथ संस्थेचा गोव्यात आणि पाकिस्तानात रावळपिंडीत झालेला ‘पास’ हा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. ऑटिझम असलेल्या ६५ मुलांची कुटुंबं त्यात होती. तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी पालकांबरोबर काम केलं: मूल खेळताना त्याचं व्हिडिओ चित्रण पाहायचं आणि मुलाच्या छोट्या खुणांना प्रतिसाद कसा द्यायचा, ते शोधायचं. पालकांचा प्रतिसाद मुलाच्या लयीशी जुळू लागला, मुलं आपणहून संवाद सुरू करण्याचं प्रमाण वाढलं. पण पालक आणि मूल दोघांचं एकाच गोष्टीवर लक्ष असण्याचा वेळ मात्र घटला. संशोधकांनी हे दोन्ही छापलं. ज्या भागात तज्ज्ञ नाहीत तिथल्या पालकांसाठी यात मोठी आशा आहे, आणि उरलेला भाग न लपवल्यामुळेच ती विश्वासार्ह वाटते.

मेंदूविज्ञानाचं व्याख्यान कसं बेतावं

वक्त्याला आधीच सांगा: तीस मिनिटं, एकच गोष्ट, आणि शेवटी “घरच्यांसाठी याचा आज काय अर्थ” यावर पाच मिनिटं. विषय म्हणून मी फ्रॅजाइल एक्स हा बौद्धिक अक्षमतेला कारण ठरणारा आनुवंशिक विकार सुचवेन, कारण त्यात विज्ञानाची ताकद आणि मर्यादा दोन्ही दिसतात. एक्स गुणसूत्रावरच्या एका जनुकात सी-जी-जी ही तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. ही पुनरावृत्ती दोनशेच्या वर गेली की जनुक सहसा बंद पडतं आणि मेंदूतल्या जोडण्यांना लागणारं एक प्रथिन तयार होत नाही. जनुक १९९१ साली सापडलं. ते प्रथिन नसेल तर पेशींमधली एक विशिष्ट संदेशव्यवस्था अति जोरात चालते, असा सिद्धांत २००४ साली मांडला गेला, आणि ती व्यवस्था मंदावली की उंदरांमध्ये बरीच लक्षणं सुधारली. मोठी आशा निर्माण झाली. पुढे माणसांवरच्या चाचण्यांत त्या औषधांनी ठरवलेली उद्दिष्टं गाठली नाहीत आणि २०१४ च्या सुमारास मोठ्या कंपन्यांनी काम थांबवलं. उंदराचं वय, माणसातली चाचणी सुरू झाली तेव्हाचं वय, मोजमापाची साधनं, अशा अनेक शंका आजही चर्चेत आहेत.

ही गोष्ट ऐकलेले पालक “उंदरांमध्ये यश” अशी बातमी पुढच्या वेळी वेगळ्या डोळ्यांनी वाचतात. निराशेवरच थांबायचं नसेल तर रेट सिंड्रोम या, मुख्यतः मुलींमध्ये दिसणाऱ्या मेंदूविकासाच्या विकाराचं उदाहरण जोडा. त्याचं जनुक १९९९ साली कळलं, २००७ साली उंदरांमध्ये लक्षणं उलटवता येतात हे दिसलं, आणि २०२३ साली अमेरिकेत त्यावरच्या पहिल्या औषधाला मान्यता मिळाली. ते आजार मुळापासून बरा करत नाही, हेही त्याच वाक्यात सांगायचं.

जागा आणि दिवसाची आखणी

सभागृह तळमजल्यावरचं घ्या. रॅम्प आहे असं इमारत विभाग सांगतो, पण व्हीलचेअर वापरणाऱ्या समिती-सदस्याला घेऊन स्वतः जाऊन पाहा. एक फूट उंचीला बारा फूट लांबी हा उतार पाळलेला आहे का, रॅम्पच्या तोंडाशी दुचाक्या लावलेल्या असतात का, स्वच्छतागृहाच्या दारातून खुर्ची आत वळते का. मोठ्या मुलाचे कपडे बदलायला झोपवता येईल असा पलंग आणि पडदा असलेली खोली हवी. याची आठवण फक्त आयांनाच होते.

शांत खोली ही चैन नव्हे, ती गरज आहे. सभागृहाला लागून नको, पण दोन मिनिटांच्या अंतरावर हवी. ट्यूबलाइट बंद ठेवून पडद्यातून येणारा उजेड, जमिनीवर सतरंजी आणि लोड, दोन-तीन जड गोधड्या, कानावर लावायचे आवाजरोधक. फुलांचे हार आणि उदबत्ती तिथे नेऊ नका, काही मुलांना वास सहन होत नाही. दारावर एक स्वयंसेवक, जो “काय झालं?” असं विचारत नाही. सभागृहात माइकची कर्कश शिट्टी होणार नाही याची तालीम आदल्या दिवशी करा. टाळ्यांऐवजी दोन्ही हात वर करून हलवायचे, असं सुरुवातीलाच सांगा.

दीपप्रज्वलन, सत्कार आणि प्रास्ताविक मिळून दहा मिनिटांत आटपा. ऑटिझम असलेलं मूल घेऊन बसलेल्या बापाला शाल-श्रीफळाची पाऊण तासाची रांग सोसत नाही. वाचलेला वेळ मधल्या सुट्ट्यांना द्या: दर पन्नास मिनिटांना वीस मिनिटं. पूर्ण कार्यक्रम चित्रांसह आठवडाभर आधी घरी पाठवा. कुठलं दार, कुठली खोली, कोण भेटेल, जेवण कधी. ठराविकच पदार्थ खाणारी मुलं पुष्कळ असतात, म्हणून “घरचा डबा आणला तरी चालेल” हे निमंत्रणातच लिहा. सांकेतिक भाषेचे दुभाषे दोन हवेत, वीस-तीस मिनिटांनी बदलणारे.

स्वयंसेवकांना आकडी आल्यावर काय करायचं, हे पक्कं शिकवा. वेळ बघा, डोक्याखाली मऊ काही द्या, आजूबाजूच्या टणक वस्तू हलवा, हातपाय घट्ट धरू नका, झटके थांबले की कुशीवर वळवा. तोंडात चमचा घालू नका, पाणी पाजू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवू नका. पाच मिनिटांत थांबली नाही, लागोपाठ दुसरी आली किंवा श्वासाला त्रास झाला तर १०८ ला फोन. फाटकावरच्या सुरक्षारक्षकांनाही समितीत बोलावून सांगा, कारण हात सोडून पळणारं मूल पहिल्यांदा त्यांनाच दिसतं. फोटो नको असलेल्यांना वेगळ्या रंगाची मनगटपट्टी द्या आणि छायाचित्रकाराला ती दाखवून ठेवा.

प्रात्यक्षिकं

मुलांना सगळ्यात आवडतं ते इथे. मेंदूतल्या विद्युतलहरी टिपणारी टोपी विभागात असेल तर ती ठेवा, पण निमंत्रणात एक ओळ घाला: “टोपी घालून बघायची असेल तर त्या दिवशी डोक्याला तेल लावू नका.” तेलकट केसांत इलेक्ट्रोड नीट बसत नाहीत. नंतर जेल धुवायला कोमट पाणी आणि टॉवेल ठेवा. डोळे मिटल्यावर डोक्याच्या मागच्या भागातल्या लहरी पडद्यावर मोठ्या होतात, हे कुणालाही दाखवता येतं. मनातलं वाचता येत नाही आणि या पाच मिनिटांतून कुठलंही निदान होत नाही, हे विद्यार्थ्याने प्रत्येक घराला सांगायचं.

एमआरआय यंत्र आणता येत नाही, पण कापडी बोगदा आणि यंत्राच्या ठकठकीचं ध्वनिमुद्रण पुरतं. मूल आत झोपून पुतळ्याचा खेळ खेळतं: न हलता किती वेळ? उद्या खरोखर तपासणीची वेळ आली तर हा सराव कामी येतो.

बाजूला माहितीची टेबलं लावा. जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र, वैश्विक दिव्यांग ओळखपत्र, राष्ट्रीय न्यासाची निरामय आरोग्यविमा योजना आणि अठरानंतरचं कायदेशीर पालकत्व. ० ते १८ वयाच्या मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे, तरी त्याखालचं केंद्र आपल्या जिल्ह्यात कुठे आहे हे पुष्कळ घरांना ठाऊक नसतं. उपचार विकणाऱ्या कुणालाही टेबल देऊ नका, कितीही मोठी देणगी देत असले तरी. विशेषतः ऑटिझम किंवा सेरेब्रल पाल्सीसाठी मूलपेशी (स्टेम सेल) देणारे. रक्तविकारांसारख्या मान्य कारणांसाठीचं प्रत्यारोपण सोडलं, तर त्यांचा वापर मंजूर चाचणीच्या चौकटीतच व्हावा, असं भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या तत्त्वांत आहे.

प्रश्नोत्तरं

हे सत्र सगळ्यात मोठं ठेवा. प्रश्न चिठ्ठीवर, व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा माइकवर, कसेही येऊ देत. काही प्रश्न दरवेळी येतात, त्यांची तयारी करून बसा. “लशीमुळे झालं का?” याचं उत्तर स्पष्ट “नाही” असं द्यायचं. ज्या १९९८ च्या लेखावरून ही भीती पसरली, तो २०१० साली नियतकालिकाने मागे घेतला, आणि पुढे लाखो मुलांवरच्या अभ्यासांत संबंध दिसला नाही. “मी नोकरी करत होते, म्हणून झालं का?” हा प्रश्न पुष्कळदा चिठ्ठीवर येतो, नाव न घालता. तो मोठ्याने वाचा आणि उत्तर मंचावरच्या सगळ्यात ज्येष्ठ व्यक्तीने द्यावं: ऑटिझममध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, आईच्या नोकरीने, मायेच्या कमतरतेने तो होत नाही. सासूसासरे शेजारी बसलेले असतील तर हे वाक्य त्यांच्याही कानावर पडायला हवं.

मंचावर किमान एक दिव्यांग प्रौढ वक्ता असू द्या, आणि प्राध्यापकाला जेवढं मानधन तेवढंच त्यांनाही. प्रश्न आधी लिहून पाठवा. टॅबवर टाइप करून बोलणार असतील तर सभागृहाने थांबायचं, सूत्रसंचालकाने वाक्य पूर्ण करून द्यायचं नाही.

दिवस संपल्यावर

पंधरा दिवसांत प्रत्येक कुटुंबाला दोन पानांचं मराठी पत्र जायला हवं: कुठले अभ्यास मांडले गेले, त्यात काय दिसलं, कुठल्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही. मुलासाठी चित्रांचं एक वेगळं पान. ज्यांच्या मुलांनी त्या अभ्यासांत भाग घेतला होता पण जे त्या दिवशी येऊ शकले नाहीत, त्यांनाही हेच पत्र पाठवा. विदर्भातून किंवा कोकणातून येणं ज्यांना परवडलं नसतं, ती घरं यादीतून कायम गळतात. पुढच्या वर्षी प्रवासखर्चाची तरतूद अंदाजपत्रकात सगळ्यात वर लिहा, स्मृतिचिन्हांच्याही आधी.

प्रश्नांच्या चिठ्ठ्या फेकू नका. विभागाच्या पुढच्या बैठकीत त्या विषयवार लावा आणि नव्या शैक्षणिक वर्षात प्रबंधाचे विषय वाटताना ती यादी विद्यार्थ्यांपुढे ठेवा. विषय घेणाऱ्या विद्यार्थ्याची समितीतल्या एका पालकाशी गाठ घालून द्या, आणि संशोधन-आराखडा नैतिकता समितीकडे जाण्याआधी त्या पालकाला वाचायला द्या.